दोन तारखांचे पणजोबा

आमच्या घराण्याची वंशावळ छापायचं ठरलंय. नातेवाईक मंडळींना ही बातमी जुनी, बाकीच्यांना नवी. वसईतल्या एका आळीतून निघालेलं घराणं आता मुंबई, पुणे, आखात, कॅनडा असं कुठे कुठे पांगलंय. ते सगळं एका मोठ्या घडीच्या कागदावर बसवायचं असा बेत आहे. काम बाबांच्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या काकांनी, अंगावर घेतलंय. गेली काही वर्षं रविवारची मिस्सा संपली की ते चर्चच्या कार्यालयात जाऊन बसतात. त्यांच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचा बराचसा मजकूर त्यांच्याशी भांडणारा आहे.

भांडण पणजोबांवरून आहे. (नाव मुद्दाम लिहीत नाही. निम्म्या वाचकांना ते माहीतच आहे आणि उरलेल्यांना त्याचा उपयोग नाही.) एकाच चर्चच्या वहीत त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी सापडल्या आहेत. आईबाप तेच, गाव तेच, मुलाचं नाव तेच. मधे दोन वर्षांहून थोडं जास्त अंतर. घरच्या पेटीत चर्चचा एक जुना उतारा आहे, तो पहिल्या नोंदीशी जुळतो. थडग्यावर कोरलेलं जन्मवर्षही पहिल्या नोंदीशीच जुळतं. पण लग्नाच्या वहीत लिहिलेल्या वयावरून मागे मोजत गेलं तर दुसरी नोंद खरी वाटते. आणि दफनाच्या वहीत वय लिहिलंय सरळ सत्तर, जे दोन्हींशी जुळत नाही.

काका म्हणतात, थडग्यावर आहे ते घ्या आणि विषय संपवा. आतेभाऊ म्हणतो, उतारा आणि थडगं दोन्ही पहिल्या नोंदीच्या बाजूने आहेत, म्हणजे तीन विरुद्ध एक, बहुमत झालं. आत्याने सुचवलं की मधलं वर्ष टाका, कुणाला कळतंय! माझं म्हणणं तिघांहून वेगळं आहे आणि फोनवर ते धड सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. नोंदी एकमेकींशी भांडत असतील तर त्यांच्यात मतदान घ्यायचं नाही आणि तडजोडही करायची नाही. प्रत्येक नोंद कुणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कशासाठी लिहिली, हे विचारायचं. आणि उत्तर सापडलं तरी भांडण झालं होतं ही गोष्ट कागदावरून पुसायची नाही.

यात काही नवीन नाही. असा एक वाद आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. शिवाजी महाराजांचा जन्म जुन्या बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७ मधला मानला जायचा. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाचं शिवभारत महाराजांच्या हयातीतलं, तेही १५५१ च्याच बाजूने बोलतं. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली ती २००१ मध्ये. म्हणजे एका जन्मतारखेच्या निकालाला जवळजवळ एक शतक लागलं. त्यात महत्त्वाचं ठरलं ते हे, की घटनेच्या जवळ बसून लिहिणारा कोण आणि खूप नंतर ऐकून लिहिणारा कोण. किती बखरी या बाजूला आणि किती त्या, अशा मोजणीने तो वाद सुटला नाही. छत्रपतींच्या तारखेला जो नियम लावला तोच आमच्या पणजोबांना लावला तर बिघडलं कुठे?

आता चर्चची वही ही काय वस्तू आहे ते थोडं सांगते. आमच्याकडच्यांना ती इतकी ओळखीची असते की तिच्याकडे नीट पाहिलंच जात नाही, आणि तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलेलीच नसेल. त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे गेलात की ते तुमच्या घराण्याची वही काढतात, आजोबा कधी येऊन गेले ते दाखवतात. चर्चची वही साधारण तशीच, फक्त यजमान यात्रेला येत नाही, जन्माला येतो.

ट्रेंट इथली धर्मसभा १५६३ मध्ये संपली. तिने पाद्र्यांना लग्नाची वही ठेवायला सांगितलं आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातेची नावं लिहून घ्यायला सांगितलं. १६१४ मध्ये रोमहून विधींचं पुस्तक निघालं, 'रितुआले रोमानुम'. त्यात या नोंदी कशा लिहायच्या याचे नमुने होते. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मृत्यू आणि धर्मग्रामातल्या कुटुंबांची यादी अशा पाच वह्या. या सगळ्या खटाटोपामागचा एक मोठा हेतू लग्नाचा होता. नात्यातल्या नात्यात लग्न होऊ नये, आधी लग्न झालेल्याने गुपचूप दुसरं करू नये, यासाठी कोण कुणाचं ते कळायला हवं होतं.

म्हणजे ही वही जन्माची नाही. संस्काराची आहे. तिला विचारा, या बाळाच्या डोक्यावर पाणी कधी पडलं, ती छातीठोकपणे सांगेल, कारण लिहिणारा पाद्री स्वतः तिथे उभा होता. तिला विचारा, बाळ कधी जन्मलं, तर ती आईबापांनी जे सांगितलं ते सांगेल, आणि कधी कधी काहीच सांगणार नाही. त्यातही मूल अशक्त असेल तर सुईणच घरी पाणी घालून बाप्तिस्मा देत असे आणि मूल जगलं तर उरलेला विधी चर्चमध्ये नंतर होई. मग वहीत पडलेली तारीख पहिल्या पाण्याची की नंतरच्या विधीची, हे नोंद शब्दन् शब्द वाचल्याशिवाय कळत नाही.

लग्नाच्या नोंदीतलं वय नवऱ्याने स्वतः सांगितलेलं. मृत्यूच्या नोंदीतलं वय तर ज्याचं आहे तो सोडून बाकी कुणीतरी सांगितलेलं, तेही रडारडीत. म्हणून दफनाच्या वह्यांमध्ये साठ, सत्तर, ऐंशी अशा गोल आकड्यांची गर्दी दिसते. पणजोबांचं 'सत्तर' मला त्यातलंच वाटतं. ते खोटं नाही. त्याचा अर्थ इतकाच की, 'म्हातारे होते, फादर, लिहा सत्तर.'

याशिवाय वाचताना पाय घसरायच्या जागा आहेत. वसईतला पोर्तुगिजांचा अंमल १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी संपवला, पण वह्यांची भाषा त्यानंतरही कितीतरी वर्षं पोर्तुगीज किंवा लॅटिन राहिली. पोर्तुगीज लिहिणारा पाद्री महिन्याचं नाव तोडून लिहायचा. ७ चा आकडा आणि पुढे 'ब्रो' अशी अक्षरं दिसली की आपण म्हणतो सातवा महिना, जुलै. तो असतो सप्टेंबर! पोर्तुगीजमध्ये सात म्हणजे 'सेत', त्यावरून सेतेंब्रु. तसंच ८ ला 'ब्रो' लावला की ऑक्टोबर, ९ ला लावला की नोव्हेंबर आणि १० ला किंवा रोमन दहाला लावला की डिसेंबर. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, त्याचं हे शेपूट. दोन नोंदींमधला दोन महिन्यांचा फरक नुसत्या या एका आकड्याने पडू शकतो.

नावांचं तर विचारूच नका. लॅटिनमध्ये लुदोव्हिकुस आणि अलोयसियुस ही दोन वेगळी नावं, पण घरी दोघांनाही लुईस म्हणतील. याकोबुस असं लिहिलेला माणूस पोर्तुगीज वहीत तियागु असेल, दियोगु असेल, आणि इंग्रजी कागदावर जेम्स. एलिझाबेथ आणि इझाबेल ही एकच बाई असू शकते. पोर्तुगीज रिवाजात सख्ख्या भावंडांची आडनावं वेगवेगळी असू शकत, कारण कुणी बापाकडचं लावी, कुणी आईकडचं. उलट आमच्या आळीत एकाच नावा-आडनावाचे तीन-तीन बापे एकाच वेळी हयात असत, म्हणून तर घराघराला टोपणनावं पडली. वहीत टोपणनावं नाहीत. तिथे धर्मपिता-धर्ममातेची नावं बघायची, आजोबांचं नाव दिलं असेल तर ते बघायचं आणि आईचं पूर्ण नाव तर बघायचंच.

नोंद नसली म्हणजे माणूस नव्हता असंही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे थोरल्याचा बाप्तिस्मा आजोळच्या चर्चमध्ये. बापाच्या गावच्या वहीत तो सापडणार कसा? मुंबईला गेलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथली कॅथलिक चर्चं १७९४ पासून दोन अधिकारांत वाटली गेली होती, काही पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदोखाली, काही थेट रोमच्या प्रोपागांदाखाली. हा दुहेरी कारभार १९२८ मध्ये संपला. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन भावांच्या नोंदी दोन चर्चांत सापडल्या तर बुचकळ्यात पडायचं कारण नाही.

आणि तारीख ही तरी एकच असते का? पोर्तुगिजांनी ग्रेगरियन पंचांग १५८२ मध्येच घेतलं. इंग्रजांनी घेतलं १७५२ मध्ये. तोवर वसईच्या पोर्तुगीज दप्तरात आणि मुंबईच्या इंग्रजी दप्तरात एकाच दिवसाला दोन वेगळ्या तारखा पडत. वसई मराठ्यांच्या हाती आली तो दिवस काही पुस्तकांत ५ मे १७३९ दिसतो आणि काहींत १६ मे. मधलं अंतर मोजा, अकरा दिवस. त्या काळात दोन पंचांगांमध्ये अंतर तेवढंच होतं. दोन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर. आत्या, सांगा बरं, यात मधली तारीख काढून काय मिळवायचं?

आता आमचा निकाल सांगते. पणजोबांच्या दोन नोंदींच्या मधल्या काळातली दफनाची वही पाहिली. पहिल्या बाप्तिस्म्यानंतर चौदाव्या महिन्यात एक नोंद आहे. मुलाचं नाव नाही. बापाचं नाव आहे, आईचं आहे, गाव आहे आणि वय एक वर्ष. त्या जोडप्याच्या नावावर बाप्तिस्म्याच्या वहीत जेवढी मुलं आहेत ती सगळी एका कागदावर मांडली. एक वर्षाचं असू शकेल असं दुसरं मूल त्या काळात नाही. त्याच नावाचं दुसरं जोडपं आळीत होतं का, तेही पाहिलं. बापाचं नाव आणखी दोन घरांत आहे, आईचं पूर्ण नाव कुठेच नाही.

थोरला मुलगा गेला आणि पुढे झालेल्या मुलाला त्याचंच नाव दिलं. जुन्या वह्या चाळणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. वसईत काय, गोव्यात काय आणि युरोपातल्या खेड्यांत काय, ही रीत ठिकठिकाणी दिसते. बहुतेकदा नाव आजोबांचं असायचं, आणि आजोबांचं नाव घरात चालवायचं असायचं.

दुसरा पुरावा समासात होता. १९०७ मध्ये रोमहून 'ने तेमेरे' नावाचा हुकूम निघाला आणि १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाला. त्यात असं होतं की लग्न लागलं की त्याची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीही लिहायची. पणजोबांचं लग्न त्यानंतरचं. पहिल्या नोंदीचा समास कोरा आहे. दुसऱ्या नोंदीच्या समासात वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात पणजीचं नाव आणि लग्नाची तारीख आहे. नुसता कोरा समास पुरावा होत नाही, टीप लिहायला पाद्री विसरलाही असेल. पण भरलेला समास बोलतो. लग्न लावणाऱ्या पाद्र्याच्या लेखी नवरा कोण होता, तर दुसऱ्या नोंदीतला.

मग थडगं आणि उतारा पहिल्या नोंदीशी जुळतात ते का? इथे आतेभावाचं बहुमत कोसळतं. पेटीतला उतारा पणजोबांनी मुंबईत नोकरी धरली त्या वर्षीचा आहे. जन्माची नोंद सरकारात करणं देशभर सक्तीचं झालं ते १९६९ च्या कायद्याने. त्याआधी वयाचा पुरावा म्हणून ख्रिस्ती माणूस चर्चचा उताराच दाखवायचा. उतारा काढणाऱ्याने वही उघडली, आईबापांची नावं पाहिली, मुलाचं नाव पाहिलं, आणि जी नोंद आधी लागली ती उतरवली. आणखी दोन वर्षं पुढे पानं उलटायचं त्याला कारणच नव्हतं. थडग्यावरचं वर्ष घरच्यांनी घेतलं ते या उताऱ्यावरून. म्हणजे आतेभावाचे तीन साक्षीदार मिळून एकच साक्षीदार आहे, तीन वेळा उभा केलेला.

याचा अर्थ काय झाला तो माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतोय. पणजोबा आयुष्यभर कागदोपत्री आपल्या मेलेल्या भावाच्या वयाने जगले. कंपनीने त्यांना निवृत्त केलं तेही त्याच कागदाच्या हिशोबाने, म्हणजे खऱ्या वयाच्या दोन वर्षं आधी. घरात त्यावरून ओढाताण झाली होती. 'तब्येत ठणठणीत असताना घरी बसवलं' हे वाक्य आमच्या आजीच्या तोंडून आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय. त्याचं मूळ बाप्तिस्म्याच्या वहीत असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

हे सगळं मी काकांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागद पाहिले, आणि पटलं म्हणाले. पणजोबांचं जन्मवर्ष ते बदलणार आहेत. मग भांडण उरलं कुठे? उरलं ते या लहानग्यापाशी. काका म्हणतात, पणजोबांची तारीख दुरुस्त करू, पण त्या बाळाला वंशावळीत घ्यायचं नाही. त्यांची कारणं तीन आहेत आणि ती मी प्रामाणिकपणे मांडते.

पहिलं कारण जागेचं. बालपणी गेलेली मुलं घ्यायची ठरवली तर कागद पुरणार नाही. हे खरं आहे. जुन्या पिढ्यांत असं मूल नसलेलं घर विरळाच, आणि १८९६ च्या प्लेगनंतरच्या किंवा १९१८ च्या तापाच्या वर्षातल्या दफनाच्या वह्या उघडल्या तर पानं उलटायचा धीर होत नाही. दुसरं कारण, एकाच नावाचे दोन चौकोन शेजारी शेजारी आले की वाचणारा गोंधळणार, छपाईची चूक समजणार. तिसरं कारण काकांनी हळू आवाजात सांगितलं. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला दिलं, हे आज ऐकायला बरं वाटत नाही. घरातल्या नव्या सुनांना ते अशुभ वाटेल. कशाला उकरून काढायचं?

जागेच्या कारणावर माझ्याकडे उत्तर आहे, कागद मोठा घ्या. गोंधळाच्या कारणावरही आहे. गोंधळ आत्ताच झालेला आहे, तो आपण केलेला नाही. उद्या कुणी नातू कॅनडातून येईल, वही उघडेल, पहिली नोंद त्याच्या हाती लागेल आणि तो म्हणेल, काकाआजोबांनी वर्ष चुकवलं! दुरुस्त करून टाकेल. आपण काढलेला निकाल आपल्या कारणांसकट लिहून ठेवला नाही, तर तो टिकणार नाही. निकालापेक्षा कारणं महत्त्वाची, कारण उद्या एखादा नवा कागद सापडला तर निकाल बदलायचा की नाही हे त्या कारणांवरूनच ठरेल.

तिसऱ्या कारणाला असं चटकन उत्तर देता येत नाही. पण मला खापरपणजी दिसते. आपल्या वंशावळीत ती म्हणजे नवऱ्याच्या चौकोनाला जोडलेलं एक नाव. माहेरचं आडनाव नाही, गाव नाही, काही नाही. ते आडनाव आपल्याला या दोन नोंदींमुळेच सापडलं, कारण दोन जोडपी वेगळी करायला तिचं पूर्ण नाव शोधावं लागलं. नोंदी जुळत्या असत्या तर आपण तिच्याकडे पाहिलंही नसतं. तिने एक मूल चौदा महिने वाढवलं. ते चालायला लागलं असेल, काही शब्द बोलत असेल. ते पुरलं. आणि वर्षभरात पुन्हा एकदा त्याच चर्चमध्ये, त्याच नावासाठी, दुसरं मूल मांडीवर घेऊन उभी राहिली. काका, हे अशुभ नाही हो. हे तिचं आयुष्य आहे. तो चौकोन काढला तर तिची तेवढी वर्षं काढली जातात, आणि मग तिच्या नावावर उरतं काय?

आणखी एक. कागद दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत होऊ नये. आमच्या ओळखीत गोव्याची कुटुंबं आहेत. तिथे १९ डिसेंबर १९६१ आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व मागता येतं, त्यासाठी लोक जुन्या नोंदी धुंडाळतात. तिथे आजोबांचं नाव एका कागदावर असं आणि दुसऱ्यावर तसं असेल तर चालत नाही. रीतसर अर्ज करून, गरज पडली तर कोर्टात जाऊन, कागद जुळवून घ्यावे लागतात. ते योग्यच आहे. सरकारी फाइलला माणूस एकच लागतो. पण वंशावळ ही काही अर्जाला जोडायची प्रत नव्हे. तिला कुणाची मंजुरी लागत नाही. मग तिथे आपण आपल्याच माणसांना कात्री लावून एकसारखं का करायचं?

तर माझी सूचना अशी. वंशावळीत प्रत्येक जुन्या तारखेपुढे तीनपैकी एक शब्द लिहावा: निश्चित, बहुधा, अनिर्णित. आकड्याइतकीच या शब्दाला किंमत द्यावी. पणजोबांच्या जन्मापुढे मी 'बहुधा' लिहीन. होय, एवढा सगळा पुरावा असूनही. कारण दफनाच्या नोंदीत बाळाचं नाव नाही, आणि जे नाही ते आहे असं म्हणायचं नाही. तळाला चार ओळींची टीप द्यावी: दोन नोंदी आहेत, या या कारणाने दुसरी धरली, थडग्यावरचं वर्ष पहिल्या नोंदीवरून आलेलं आहे. थडगं बदलू नये. ते ज्यांनी कोरलं त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी कोरलं, आणि आता तीही एक नोंद झाली.

आणि पणजोबांच्या आधी, त्यांच्याच नावाचा, एक छोटा चौकोन काढावा. दोन तारखा, बाप्तिस्म्याची आणि दफनाची. बस, एवढंच.

काका हे वाचणार आहेत हे मला माहीत आहे, आणि ते उत्तर लिहितील हेही. त्यांचं उत्तर आलं की तेही जसंच्या तसं इथे टाकीन. बाकीच्या नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुमच्याकडच्या पेट्यांमध्ये जुने उतारे, लग्नाचे दाखले, प्रार्थनेच्या पुस्तकात लिहून ठेवलेल्या तारखा असतील तर फोटो काढून पाठवा. आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्त करून, नीट टाइप करून पाठवू नका, आहे तसं पाठवा. पूर्ण पान घ्या, समास कापू नका. आणि कागदाच्या मागच्या बाजूचाही फोटो काढा, जुनी माणसं तिथेही लिहून ठेवायची.